बारकूची बाजू

फुलाबाईनं उभ्या जन्मात मुलाखत दिली नव्हती. बघायला आलेल्या पाहुण्यांनी चालून दाखव म्हटलं होतं, तेवढीच काय ती. पण नाशिक रोडच्या एका संस्थेला दिव्यांग मुलांचं सगळं करणारी बाई हवी होती, आणि शेजारच्या तरन्नुमनं तिचा अर्ज परस्पर भरून टाकला. हे काम मिळालं नाही तर अंबडची खोली सोडून चांदवडला भावाच्या दारात जावं लागणार होतं. भाऊ चांगला, पण दार भावजयीचं.

अर्जात तरन्नुमनं लिहिलं होतं, अनुभव एकोणीस वर्षं. ते खोटं नव्हतं. एकोणीस वर्षं म्हणजे बारकू, फुलाबाईचा एकुलता एक मुलगा. जन्मात त्यानं कधी मान धरली नाही की पाऊल टाकलं नाही. नवरा केव्हाच दुसरा संसार थाटून बसला, तेव्हा उचलणं, धुणं, भरवणं सारं तिनं एकटीनं केलं. बारकू गेल्या चैत्रात वारला. ते फुलाबाईनं अजून तोंडानं कुणाला सांगितलं नव्हतं. भाजीवाल्यानं पोराचं विचारलं तरी ती "हाय बरा" म्हणून पुढं सटकायची. गल्लीला सगळं ठाऊक होतं. कुणी खोदून विचारत नसे, एवढी माणुसकी गल्लीत होती.

मुलाखतीचा सराव म्हणून तरन्नुम ओढणी सावरून खुर्चीत बसली आणि मॅडम झाली.

"मुलाला फिट आली तर काय कराल?"

"कुशीवर वळवीन. तोंडात काय बी घालायचं नाय. घड्याळ बघायचं."

"पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून?"

"दर दोन तासानं कूस बदलायची. रातीला बी."

माशाच्या पिलाला पोहायला कोण शिकवणार? तरन्नुम खूश झाली. "आता शेवटचा प्रश्न मावशी, हा सगळीकडे विचारतात. आधीचं काम का सोडलं?"

इथं घोडं पेंड खायला लागलं. फुलाबाई उठून गॅसकडे गेली. "भूक लागली आसंल तुला. खिमट करते."

भाताचं मऊ खिमट झालं, तशी तरन्नुम म्हणाली, "मलाच भरवून दाखवा." फुलाबाई तिच्या डाव्या हाताला बसली, चमचा डाव्या गालात टेकवला आणि दोन बोटं गळ्यावर ठेवून घास उतरायची वाट पाहू लागली. त्या बोटांनी तरन्नुमलाच भरून आलं.

"डावीकडूनच का, मावशी?"

"उजवीकडनं ठसका लागतो त्याला."

तरन्नुमनं वाटी बाजूला ठेवली. "तिथली मुलं वेगळी असतील. आधी विचारायचं हं."

"इचारीन."

संस्थेतल्या मुलाखतीत सगळी उत्तरं धडाधड आली. शेवटचा प्रश्न तिथल्या मॅडमनी विचारलाच नाही. त्या तिला जेवणाच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं चाकाच्या खुर्चीत अरिबा नावाची दहा वर्षांची मुलगी बसली होती. मॅडमनी वाटी हातात दिली, आणि विचारायचं ते फुलाबाई साफ विसरली. हातांना एकच वाट ठाऊक होती. चमचा डावीकडून गेला.

अरिबाला जबर ठसका लागला. फुलाबाईनं तिला पुढं झुकवलं, कपाळाला हात लावून धरलं आणि श्वास नीट सुरू होईपर्यंत सोडलं नाही.

"तिची डावी बाजू अधू आहे," मॅडम कडक आवाजात म्हणाल्या. "विचारायचं नाही का आधी? डावीकडून कशाला भरवलंत?"

"चुकले, मॅडम." अरिबाचं तोंड पुसत फुलाबाई म्हणाली. "माझ्या पोराला डावीकडनंच भरवावं लागायचं. चैत्रात वारला तो."

मॅडमनी स्टूल उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं. "बसा. उजवीकडून."

एकोणीस वर्षांत फुलाबाई त्या बाजूला कधी बसली नव्हती. तिनं बोटं गळ्यावर ठेवली. अरिबानं घास नीट गिळला आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं. आपला बारकू आता नाही, हे फुलाबाईला तेव्हा खरंखुरं कळलं.