तळ्याखालचा धाकटा दगड

मित्रांनो, मी एक जुना मोजणीचा दगड आहे. कचेरीच्या कागदात माझ्यापुढे 'नष्ट' असे लिहिले होते. साफ खोटे! मी तळ्याच्या तळाशी, गाळात, माझ्या जागेवर ठाण मांडून बसलो आहे.

एका पाथरवटाने आम्हा दोघा भावांना एकाच खडकातून घडवले आणि दोघांच्या डोक्यावर फुली कोरली. जमीन मोजणारे लोक मोठे सावध असतात. त्यांनी मला खड्ड्यात खोल बसवले. वर दोऱ्या ताणून, ओळंबा सोडून माझ्या फुलीची जागा धरली, मग माती लोटली आणि नेमका तिथेच थोरला रोवला. वरचा कुणी हलवलाच, तर खालचा साक्षीला असावा म्हणून.

थोरल्याचे मग काय ते कौतुक! त्याच्यावर तिपाई, त्याच्यावर झेंडा, लांबलांबच्या मोजणीदारांचा त्याच्याभोवती राबता. मला कुणी हिंग लावून विचारत नव्हते. फार राग यायचा, पण मी तसूभर हललो नाही.

पुढे नदीवर धरण झाले आणि पाणी चढू लागले. घरे वर सरकली. पाथरवटाला मात्र राहवेना. "माझ्या हातचा दगड बुडू देऊ काय?" असे म्हणत त्याने थोरल्याला उपटले आणि गाडीत घालून नव्या घरी नेले. अंगणात त्याच्यावर बसून त्याची लेक अभ्यास करू लागली. बिचाऱ्याला वाटले, आपण दगड वाचवला. पण मोजणीत किंमत दगडाला नसते, जागेला असते!

लेक शिकून मोजणीदार झाली. एका उन्हाळ्यात तळे खूप उतरले आणि बुडालेल्या खुणा शोधण्याचे काम तिच्याकडे आले. कोणती खूण शोधायची ते कळले, तेव्हा तिने घरी येऊन अंगणातल्या दगडावरची फुली पुसून पाहिली. तीच ती खूण! साहेबांनी बजावले होते, "खूण मिळाली तर ठीक. नाहीतर ती कुणी उखडली, त्याचं नाव द्या."

म्हणजे तिने बापाचेच नाव द्यायचे!

"बाबा, असे दगड तुम्ही किती घडवले होते?"

"दोन. दुसऱ्याचं त्यांनी काय केलं, देव जाणे."

"मला ठाऊक आहे काय केलं ते. चला, होडीत बसा."

दोन टेकड्यांवरून तिच्या माणसांनी जुन्या कागदांतले कोन धरून दुर्बिणी रोखल्या आणि हातवारे करत होडी माझ्या डोक्यावर आणली. पाणबुड्या लोखंडी गज घेऊन उतरला. गज कधी मुळांत अडकला, कधी गाळात नुसताच रुतला. काठावरून साहेब ओरडले, "मॅडम, गेला तो! नाद सोडा!"

गेलो? कुठे जाणार मी? मला काय पाय फुटलेत? एवढ्या पाण्याचा भार सोसला, तो काय हे ऐकून घ्यायला?

तेवढ्यात गज ठणकन माझ्या डोक्यावर बसला. मित्रांनो, मार खाऊन इतका आनंद मला कधी झाला नव्हता. पाणबुड्याने गाळ उकरला आणि त्याचे बोट माझ्या फुलीवरून फिरले. तो वर जाऊन ओरडला, "आहे! फुली आहे!"

म्हातारा पाथरवट ढसाढसा रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "काढ रे बिचाऱ्याला वर. थोरल्याशेजारी ठेवतो."

"बाबा!" लेक एवढ्या मोठ्याने किंचाळली की होडी डुगडुगली. "हात लावायचा नाही त्याला!"

म्हातारा ओशाळून हसला आणि त्याने हात मागे घेतले. 'नष्ट' खोडून लेकीने तिथे लिहिले, 'पाण्याखाली, जागेवर.'

मित्रांनो, फुली कोरलेला दगड कुठे दिसला, तर त्याची कीव करून त्याला घरी नेऊ नका. त्याला आहे तिथे राहू द्या, एवढीच त्याची काळजी. आता पाणी पुन्हा चढले आहे. थोरला अंगणात ऊन खात बसला असेल. बसू दे बापडा. जमीन माझ्यापासून मोजतात.