थोरल्याची फुंकणी

मी काचेच्या कारखान्यातली फुंकणी बोलतेय. लोखंडाची पोकळ नळी. एका टोकाला भट्टीतली वितळलेली काच, दुसऱ्या टोकाला माणसाचं तोंड. दोघांचंही मी सोसायचं.

माझा माणूस म्हणजे थोरला. त्याची फुंकर मऊ, लांब, न तुटणारी. काचेचा फुगा कसा गोल गरगरीत व्हायचा. धाकट्या भावालाही त्यानंच माझ्यावर शिकवलं, हाताला धरून.

मग तापाची साथ आली. थोरल्यानं अंथरूण धरलं. ताप उतरला, खोकला गेला, दम मात्र परत आला नाही. महिने उलटले तरी बूट घालायला वाकला की धाप लागे. फुगा अर्ध्यावर आला की फुंकर तुटे आणि काच लोळागोळा होई.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं, आणि तिथंच त्याचं नशीब फिरलं. बायको म्हणू लागली, हे तुमच्या मनाचे खेळ आहेत. मुकादमानं तर कामचुकार ठरवूनच टाकलं. त्याचा श्वास कुठं तुटतो ते मला ठाऊक होतं. पण फुंकणीला कोण विचारतो?

एक दिवस मुकादमानं त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. "एक फुगा पुरा कर, नाहीतर भट्टी सोड."

त्यानं जीव एकवटून फुंकलं. ओठ निळे पडले. फुगा मुठीएवढा झाला आणि बसला. मुकादमानं मला त्याच्या हातातून काढून धाकट्याला दिलं. धाकटा नको म्हणाला नाही. माझं तोंड तेवढं त्यानं दोनदा पुसलं.

थोरला आता खोकी भरतो.

काल जेवणाच्या सुट्टीत धाकट्यानं त्याची नक्कल केली. मला तोंडाला लावून तुटक तुटक फुसफुसला, डोळे फिरवले, छाती धरून बाकावर कोसळला. सगळे खो खो हसले. थोरलाही हसला, हसला नसता तर चिडका म्हणाले असते. हसता हसता त्याचा श्वास अडकला. खोक्यांवर ओणवा होऊन तो तोंड उघडंच ठेवून राहिला.

"बघा, दादा माझ्यापेक्षा भारी करतो," धाकटा म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी अजून भट्टीवर आहे, धाकट्याच्या हातात. फुगे चांगले निघतात, माझी काही तक्रार नाही. मागणं एवढंच, टाळ्या वाजवून झाल्या की थोरल्याला बसायला कुणीतरी खुर्ची द्या. काल कुणी दिली नाही.