माळ्यावरचा कोपरा

"काका, तुम्ही वर कोणाशी बोलता?"

मैत्रिणीने, प्रतिभाने, हे विचारायची पैज लावली होती, आणि नववीत वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून मंजुषा कशालाच नाही म्हणत नव्हती. दोन दुपारी पत्ते खेळताना दोघींनी ऐकलं होतं. माळ्यावर माती काढणारा गोटीराम एकटाच, तरी म्हणायचा, "सरक जरा, हात पोचत नाय." मग उत्तर ऐकल्यासारखा थांबायचा आणि हसायचा.

आता मंजुषाचं डोकं माळ्यात होतं, पाय शिडीवर. वरचा पत्रा तव्यासारखा तापलेला.

"भागीशी," गोटीराम खुरपं न थांबवता म्हणाला. "बायको माजी."

"कुठे आहेत त्या?"

"मेली ती. सात वर्सं झाली."

खाली प्रतिभाने शिडीच सोडून दिली.

मंजुषा मात्र वर चढली. पंचवटीतल्या या जुन्या घराच्या माळ्यावर अठरा वर्षांपूर्वी सुरगाण्याहून आलेल्या या जोडप्यानेच लिंपण केलं होतं. माती, शेण आणि भाताचं तूस. पत्र्याची धग खाली उतरू नये म्हणून. आता ती माती फळ्यांच्या फटींतून आमटीत पडायची. बाबांनी थर्माकोल मागवलं आणि जुनी माती काढायला गोटीरामलाच बोलावलं. त्याने सगळा माळा खरवडला होता. पलंगाएवढा एक कोपरा तेवढा उरला होता.

"हे बघ, ताय." मातीत बोटांच्या कमानी उमटल्या होत्या. "या माज्या. आन या उलट्या, तिच्या. डावखुरी व्हती. मी लय चिडवायचो, सगळं उलटं लिंपती म्हून."

"फोटो नाही त्यांचा?"

"कोन काढनार? हेच हाय."

"मग खरवडू नका ना!"

"घर तुज्या बाबांचं. उद्या थर्माकोल येतंय." त्याने खुरपं पायजम्याला पुसलं. "तिला सांगितलंय मी. आज उठायचं म्हनून."

मंजुषाने एका कमानीत उजवी बोटं ठेवली. ती अडखळली. डावी ठेवली, तर अलगद फिरली, पार कडेपर्यंत. त्या उकाड्यात तिच्या दंडावर काटा आला. आपल्याला जागा द्यायला शेजारचं कोणी किंचित सरकलं, असं तिला अगदी स्पष्ट जाणवलं.

ती उतरली तेव्हा प्रतिभा केव्हाच पळाली होती. आईबाबा चहा घेत होते.

"अगं, काय हा अवतार!" आई ओरडली.

वर खुरपं पुन्हा सुरू झालं. खर्र... खर्र...

"बाबा, माझ्या पलंगाच्या बरोबर वर येतो तो माळ्याचा कोपरा खरवडायचा नाही. तिथे थर्माकोल नको." तिचा आवाज ढाल जिंकली तेव्हापेक्षाही मोठा होता.

"वेडी का तू? आणि माती पडेल ती?"

वरचं खुरपं थांबलं. तिघांनीही वर पाहिलं.

"माझ्याच अंगावर पडेल ना? पडू दे," मंजुषा म्हणाली. "मी ठरवलंय. रोज सकाळी पांघरूण झटकेन."