कच्चा डाग

"एकतर कुजबुजतात, नाहीतर ओरडतात. मधला आवाज ह्या घरातून संपलाय की काय."

दादा हे कुणाला उद्देशून बोलले नव्हते. खिडकीपाशी बसून ते स्क्रू निवडून बरण्यांत टाकत होते आणि टाकता टाकता पुटपुटले होते. सून हाताच्या अंतरावर, एकेकाळच्या त्यांच्याच टेबलाशी बसली होती. तिला शब्द न् शब्द ऐकू आला. तिने ऐकू न आल्यासारखं केलं. ते एक काम ह्या घरात सगळ्यांना छान जमत असे.

दादा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म लोकांचे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेला, आणि म्हातारपणी हौसेने घरीच स्पीकरचे डबे बांधून देऊ लागले. तयार डब्यासमोर डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "मागचा एक स्क्रू सैल आहे." उघडून बघावं तर असायचाच. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला फ्यूजही बदलता येत नव्हता. त्यांचं बघून बघून, बोटं भाजून घेत ती शिकली. शिकवणी म्हणून दादांनी एकच वाक्य दिलं होतं, "आधी खरवडायचं, मग डाग द्यायचा." डाग म्हणजे सोल्डरचा जोड. डब्यातल्या तांब्याच्या तारेवर वार्निशचा लेप असतो आणि तो मेला तांब्यासारखाच दिसतो. ब्लेडने खरवडला नाही तर वरून दिलेला डाग चकचकीत बसतो, तारेला घट्ट धरूनही ठेवतो, पण आतून वीज काही जात नाही. त्याला दादा कच्चा डाग म्हणत. तोंडदेखलं नातं, असंही म्हणत.

सहा महिन्यांपूर्वी तिने डब्यांची पहिली जोडी एकटीने बांधली, बाहेरच्या खोलीसाठी. दादा कौतुकाने तिला मिस्त्री म्हणू लागले होते. ते समोर बसले, डोळे मिटले, गाणं संपेपर्यंत हलले नाहीत.

"मिस्त्री, डावीकडे बारीक आवाज नाही. व्हायोलिन सगळं उजवीकडेच वाजतंय."

नवऱ्याने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. आणि सून म्हणाली, "मला येतोय की, दादा."

तिने कानच लावला नव्हता. पहिल्यावहिल्या कामात खोट निघू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

तेवढं पुरलं. वय झालं की आधी बारीक आवाज जातात, हे नवऱ्याने कुठेतरी वाचलेलं होतं. सासूबाईंनी कानात थेंब घालायला सुरुवात केली. जो तो दादांच्या उजव्या बाजूला जाऊन मोठ्याने बोलू लागला. खरा शब्द मात्र कुणी तोंडातून काढला नाही. "दादांचं ते" म्हणायचे. "दादांचं ते वाढलंय का गं?" मग डबे ऐकून पास करण्याचं काम त्यांच्याकडून गेलं, मग सोल्डरिंगचं सामान, शेवटी टेबल. हिसकावून कुणी घेतलं नाही. "तुम्ही कशाला त्रास घेता" म्हणत म्हणत एकेक गोष्ट सुनेकडे सरकत आली.

सुरुवातीला दादा भांडले. मनगटावरचं घड्याळ काढून डाव्या कानाला लावलं. "हे ऐकू येतंय की मला."

"घड्याळाची टिकटिक जाड असते," सासूबाई म्हणाल्या.

ज्या बाईला आयुष्यात कधी फोन वाजतोय की दाराची घंटा हे कळलं नव्हतं, तिचं त्या माणसाने ऐकून घेतलं. हळूहळू स्वतःच मान वळवून उजवा कान पुढे करायला लागला.

आज चार वाजता कानाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. इतके दिवस नाही नाही म्हणणारे दादा काल आपणहून म्हणाले होते, "जाऊन येऊ. उगाच तुमचे घसे बसतात."

तीनला दादा अंघोळ करून कपडे बदलायला आत गेले. निघायला अर्धा तास होता, म्हणून सुनेने डावा डबा टेबलावर घेतला. खुर्ची लागून त्याचं पुढचं कापड फाटलं होतं, ते बदलायचं होतं. वरचा लहान स्पीकर, बारीक आवाजाचा, तिने नुसता बाजूला केला. आणि त्याची तार डागातून अलगद निसटून हातात आली.

डाग जागेवरच राहिला. गोल, चकचकीत, मधोमध भोक असलेला, मण्यासारखा. तारेचं टोक तिने उजेडात धरलं. तांबूस लेप टोकापर्यंत अभंग होता. ब्लेडचा एक ओरखडा नव्हता.

तिने मीटर लावून पाहिलं. वीज जात असली की वाजणारा मीटर गप्प. मग तिला आठवलं, त्या दिवशी टोकं खरवडता खरवडता दूध उतू गेलं होतं. ती उठली, गॅस पुसला, परत आली आणि थेट डाग देत सुटली.

कानशिलं तापली. कुणी पाहिलं का म्हणून तिने मागे वळूनसुद्धा बघितलं, चोरी केल्यासारखं. मण्याला सोल्डरिंगची तापलेली इस्त्री टेकवून तो सोडवला. टोक खरवडलं, इतकं की तार बारीक व्हायची वेळ आली. सोल्डरमधल्या राळेचा धूर डोळ्यांत गेला ते बरंच झालं, डोळ्यांना कारण मिळालं. नवा डाग दिला. मीटर वाजला. डबा जागेवर ठेवून तिने जोडला, तेच गाणं लावलं आणि टेबलाशी येऊन बसली.

डावीकडून व्हायोलिन आलं. आता तिलाही कळलं, सहा महिने ते नव्हतं.

दादा सदऱ्याची एकच बाही घातलेले दारात आले. "आलं," ते म्हणाले. "डावीकडून आलं."

"बघा, थेंब लागू पडले," नवरा खूश होऊन मोठ्याने म्हणाला.

"मी म्हणतच होते," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही मान नीट वाकडी करत नव्हता, नाहीतर केव्हाच गुण आला असता."

सुटका इतकी आयती समोर आली होती. तिने नुसती मान डोलवायची होती. दादांचा कान बरा झाला असता, थेंबांना मान मिळाला असता, तिचं टेबल तिच्याकडे राहिलं असतं.

दादा टेबलापाशी आले. तो मणी अजून तिथेच पडला होता. त्यांनी तो उचलला, भोकातून खिडकीकडे पाहिलं, बोटात फिरवला. मग तिच्यासमोर ठेवला, अगदी हळू. दुसरी बाही घालू लागले आणि ती सापडेना म्हणून हात हवेत चाचपडत राहिला.

"निघू या का?" ते तिच्या नवऱ्याला म्हणाले. "डॉक्टर खोळंबतील."

"आता कशाला? बरं वाटतंय ना?"

"ठरलंय तर जाऊ. मिस्त्रीला काम करू दे."

ते 'मिस्त्री' तिला सोसवलं नाही. ती उठली, त्यांच्या मागे जाऊन बाही धरली. त्यांचा हात आत जाईपर्यंत तिचं तोंड त्यांच्या डाव्या कानापाशी होतं. तिने आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

"दादा, तार मी खरवडली नव्हती. मला ऐकू येतंय म्हणाले, तेही खोटं. आणि मग टेबल मिळालं, म्हणून डबा परत उघडून बघितला नाही." तिने बाहीची चुणी सरळ केली. "तुम्ही बहिरे नव्हता. आम्हाला तुम्ही बहिरे असलेले सोयीचे होते."