लाल जर्सीतली मोना

ओकलंडच्या लोकांनी मोना क्रुपकावर अकरा हंगाम जीव टाकला होता आणि आता तेच तिच्या मुळावर आलं होतं. रोलर डर्बीत, म्हणजे चाकांच्या बुटांवरच्या धक्काबुक्कीच्या शर्यतीत, घरचा संघ पांढरी जर्सी घालतो, पाहुणे लाल. पाहुण्यांनी दांडगाई करायची आणि शिव्या खायच्या, असा रिवाज. दोन्ही संघ चालवणाऱ्या मॅनेजर लेस्टरने पांढऱ्यांचं कर्णधारपद बावीस वर्षांच्या जोलीनला दिलं आणि मोनाला लाल जर्सी. वर बजावलं, आज तुझी हुर्यो झाली नाही, तर उद्यापासून तिकीटखिडकीत बसायचं. चौतिसाव्या वर्षी, दुखरा गुडघा घेऊन, ती दुसरीकडे कुठे जाणार होती?

मोनाने मन लावून दांडगाई केली. एकीला कोपर मारलं, दुसरीला कठड्यावरून थेट पहिल्या रांगेत धाडलं. लोक कौतुकाने हसले. पंचाची शिट्टी हिसकावली, तर टाळ्या पडल्या.

मध्यंतरात लेस्टर वैतागला. "अगं, एवढंही जमेना? माझ्या सासूला जमतं, तेही चाकांशिवाय."

शेवटच्या फेरीला लाल संघ दोन गुणांनी पुढे होता. दोन्ही संघांची एकेक जण सुटते, समोरच्या संघातल्या जितक्या जणी ओलांडेल तितके गुण. दोघींत जी पुढे, तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले की फेरी तिथेच संपते. जोलीन लालवालीला केव्हाच मागे टाकून आली होती. अर्धं मिनिट हातात होतं आणि ओलांडायच्या चौघींत मोना सर्वांत मागे, म्हणजे तिच्या वाटेत पहिली.

पण गेले चार महिने जोलीन मोनाच्याच संघात खेळली होती. गर्जना ऐकली की ही पोरगी टीव्हीच्या कॅमेऱ्यासाठी कशी उभी राहते, ते मोनाने पाहून ठेवलं होतं.

तिने जोलीनला अडवलंच नाही. वळणावर हातपाय झाडत अशी काही आपटली, की सारं सभागृह गर्जत उठून उभं राहिलं. जोलीन पुढे गेली, कॅमेऱ्याकडे वळली आणि झोकात दोन्ही हात कमरेवर ठेवले.

शिट्टी वाजली. गुण एक. लाल संघ जिंकला.

मोना उठली, गुडघा चोळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आभारी आहे गं बाळ. फोटो आला की मलाही एक पाठव."

मग सभागृह भडकलं. दर नाताळला तिच्यासाठी स्वेटर विणणाऱ्या डॉम्बेकबाई कठड्यावर ओणवून पर्स फिरवत होत्या. "लाज नाही वाटत? लेकरू आहे ते."

मोनाने त्यांना वाकून नमस्कार केला. पर्स कानाच्या पाळीला लागली. सहा हजार माणसं हुर्यो करत होती. ती सावकाश, ऐटीत फेऱ्या मारू लागली; कुठे आवाज मंदावला, की तिथे थांबून हात हलवी. दुसऱ्या फेरीनंतर लेस्टर खालून ओरडला, पुरे आता, उतर.

तिने तिसरी मारली.