कायमचं बंद

नायगावच्या बीडीडी चाळीतली मेघना सावंत एका बड्या परदेशी कंपनीत लागली, तेव्हापासून अख्ख्या चाळीला वाटायचं, कंपनी आता आपल्याच खिशात. कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाचा फोन अडकला, की माणूस तिच्या दारात. खरं तर कंपनीच्या नकाशाच्या अॅपमध्ये रस्ता शोधायचा जो भाग असतो, त्यातल्या एका तुकड्यावर मेघना काम करायची. बाकीची कंपनी तिलाही बातम्यांमधूनच कळायची.

पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली आणि बरीच बिऱ्हाडं परळच्या संक्रमण इमारतीत गेली. त्यात शेवंतीकाकूही होत्या. मालवणी मसाला आणि कुळथाचं पीठ घरी करून विकायच्या. नकाशाच्या त्याच अॅपवर त्यांच्या दुकानाची नोंद होती. तिथे त्यांनी पत्ता बदलला, आणि दोन दिवसांनी दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरं आली : कायमचे बंद.

काकू थेट मेघनाकडे आल्या. "गो बाये, माझा दुकान तुझ्या कंपनीन बंद केल्यान. जरा बघ गो."

"बघते काकू. होऊन जाईल."

मेघनाने त्यांच्या फोनवरून अर्ज भरला. उत्तर आलं, दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवा. संक्रमण इमारतीत पाटी लावायला बंदी. तिने तसं लिहिलं, तर अर्ज पुन्हा फेटाळला.

मग ऑफिसात तिने यतीनला विचारलं. तो तिचा वरिष्ठ, बारा वर्षं तिथे मुरलेला.

"ते हैदराबादची टीम बघते," तो म्हणाला. "आणि तू हात लावू नकोस हां. ओळखीच्या माणसाचं काम आतून केलंस तर सरळ नोकरी जाईल."

नियम चुकीचा नव्हता, हे मेघनाला कळत होतं. हजारो कर्मचारी, प्रत्येकाची एकेक काकू. आणि नोकरी घालवणं तिला परवडणारंही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांची, वसंतरावांची, बायपास झाली तेव्हा सगळं कंपनीच्या विम्याने निभावलं होतं. तिला फक्त एका कागदावर सही करावी लागली. त्याआधी राजीनाम्याचा विचार मनात घोळत होता, तो तिथेच विरला.

तिने काकूंना खरं ते सांगितलं. "नाही जमणार काकू, माझ्या हातात नाही."

काकू रागावल्या नाहीत. नवलानेच म्हणाल्या, "एवढी मोठी कंपनी, आणि तुका एक पाटी लावूक येणा नाय?"

ते मात्र लागलं. त्या आठवड्यात मेघनाने तीन पानी टिपण लिहिलं. शहरात इमारती पडतात, लोक हलतात, धंदे चालूच राहतात, पण पाटी नसते. पाटीऐवजी कामाच्या जागेचा छोटा व्हिडिओ घेतला तर? टिपण वर गेलं. बैठका झाल्या, वकिलांनी महिनाभर घेतला, अमेरिकेतल्या एका बाईंनी चाळ म्हणजे काय ते दोनदा विचारलं. नऊ महिन्यांनी ती सोय देशभर सुरू झाली. पहिल्याच महिन्यात चाळीस हजार बंद दुकानं पुन्हा उघडली. मेघनाला बढती मिळाली.

रविवारी ती परळला गेली. काकू पंख्याखाली मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या.

"काकू, फोन द्या. दहा मिनिटांत होईल आता."

"नको गो," काकू म्हणाल्या. "लालबागची एक खानावळ सगळो मसालो उचलता. चाळीतले लोक फोन करतत. अनोळखी माणसां नुसती भाव पाडीत बसतत. आता बरा चललाहा माझा."

"पण मी हे तुमच्यासाठीच..."

"दुसऱ्यांची उघडली मां? मगे झाला." काकूंनी सूप तिच्याकडे सरकवलं. "बस जरा."

मेघना बसली. थोडं वाईट वाटलं, पण फार नाही. चाळीस हजारांचा आकडा तिला मनापासून आवडला होता. फक्त त्यातलं एकही माणूस तिच्या ओळखीचं नव्हतं. ती देठं खुडू लागली. तिला ते नीट जमेना, तशा काकूंनी तिच्या हातातली मिरची घेतली आणि कशी धरायची ते दाखवलं.