शेवाळ राहू दे, नळ सोडा

मित्रांनो, मी एका घरामागचा जुना तलाव आहे, पोहण्याचा. माझी गोष्ट निवांत सांगायची होती, पण आज मला रिकामा करत आहेत. मोटर लावली आहे आणि पाणी तिसऱ्या पायरीखाली गेले आहे. तेव्हा भराभर सांगतो.

घर बांधले तेव्हाच मागे खड्डा खणून मला घडवले. जमीन मुळात पाणथळ. गवंड्यांनी खालचे पाणी उपसत उपसतच माझा तळ घातला, वर निळ्या फरश्या बसवल्या. ते पाणी कुठे गेले नाही. आजही ते माझ्या पाठीखाली आहे. मी भरलेला असलो की माझ्या वजनाने त्याला दाबून धरतो. हे घरात कुणाला ठाऊक नाही.

घरातली मुलगी माझ्यातच पोहायला शिकली. पुढे तिची आत्या पडली, कंबरेचे हाड मोडले आणि ती भावाकडे राहायला आली. जमिनीवर ती काठीशिवाय पाऊल टाकायची नाही. माझ्या छातीभर पाण्यात मात्र काठी काठावर ठेवून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, आणि चालता चालता घरातल्या प्रत्येकाला नावे ठेवायची. तिचे वजन मी पेलायचो. खरे सांगतो, इतका अभिमान मला कुणी सूर मारल्यावरही वाटला नाही.

तिच्यासाठी सारे घर राबू लागले. भाऊ लांब दांड्याच्या जाळीने पाने काढायचा, वहिनी भिंती ब्रशने घासायची, मुलगी पाणी तपासून क्लोरीन मोजून टाकायची. पंप घरघरत माझे पाणी गाळत राहायचा. पण इथेच माशी शिंकली. दुपारी आत्याचा डोळा लागला, की तिची झोपमोड नको म्हणून भाऊ गुपचूप पंप बंद करायचा. कधी वहिनी करायची, कधी मुलगी. पुन्हा चालू दुसऱ्याने केला असेल, असे प्रत्येकाला वाटायचे. आत्याला तर त्या घरघरीनेच झोप लागायची. तिला कुणी विचारलेच नाही.

साचलेले पाणी किती तग धरणार? मी हिरवा पडलो, तळ दिसेना. त्यांनी क्लोरीन दुप्पट टाकले, पण पंप बंदच. आत्याचे उतरणे थांबले आणि तिचे पाय पुन्हा आखडले. आता खुर्चीतून उठायलाही तिला दोघांचा आधार लागतो.

आज सकाळी भावाने हात टेकले.

"सगळं पाणी उपसून टाकू. एकदा घासून काढलं की ताई लगेच चालायला लागेल."

"सगळं काढायलाच हवं का रे?" आत्याने विचारले.

"तू नुसती बघत राहा."

नेमकी गेले कित्येक दिवस पावसाने उसंत दिलेली नाही. खालची जमीन तुडुंब भरली आहे. माझे वजन कमी होत चालले आहे आणि खालचे पाणी मला वर रेटते आहे. मी जिवाच्या आकांताने ओरडतो आहे. एक फरशी तटकन उखडली, तळाला केसाएवढी चीर गेली. भावाला ती शेवाळाची रेघ वाटली. एव्हाना घोटाभरच उरलेल्या पाण्यात गुडघे टेकून तो ती ब्रशने घासतो आहे.

"हा डाग काही केल्या निघत नाही."

"अजून जोर लावा," वहिनी म्हणाली.

काठावर बसलेल्या आत्याचे डोळे भरून आले आहेत. "किती कष्ट घेताय रे माझ्यासाठी," ती म्हणते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना रोज थोडी निगा पुरते, पण ते त्यांना नंतर सांगा. माझा आवाज तिथवर पोहोचत नाही, तुमचा पोहोचेल. म्हणा, काका, ब्रश खाली ठेवा. मोटर बंद करा आणि नळ सोडा. शेवाळ राहू दे. हिरवा तर हिरवा, पण मला भरा. मी फुटलो तर तुमच्या ताईला चालायला दुसरी जागा नाही.